कलम नऊ आणि वाळ्याचं पाणी

मुलं मला पाठीमागे ‘कलम नऊ’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. खरं नाव धनराज वैरागडे. यवतमाळकडच्या एका तालुक्यात विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, आणि गेली बारा वर्षं जिल्ह्याच्या विद्यार्थी विज्ञान मेळाव्याची नियमावली माझ्याकडे आहे. हे माझं तिसरं लेकरू आहे असं बायको म्हणते, आणि तिचा सूर कौतुकाचा नसतो.

नियम मी उगाच केलेले नाहीत. टेबल एक मीटरचं, त्याच्या बाहेर वायरसुद्धा लोंबता कामा नये. जिवंत प्राणी आणायचा नाही. एका वर्षी एकानं बेडूक आणला आणि तो परीक्षकांच्या चहाच्या किटलीजवळ सापडला, तेव्हापासून. संगणकातल्या यंत्रमतीला विचारून काही केलं असेल तर ते तसं लिहायचं, लपवायचं नाही. प्रत्येकाची प्रकल्प-वही हवी, शाईनं लिहिलेली, तारीख आणि वेळेसकट. विभाग सात आहेत. पाणी, माती, हवा, शरीर, यंत्र, गणित, आणि सातवा ‘यात न बसणारे’. दर वर्षी सगळ्यात जास्त गर्दी सातव्यात होते. प्रत्येक विभागात दोन रकाने, एक एकट्याचा आणि एक गटाचा. एकट्यानं केलेल्यांतला जो जिल्ह्यात पहिला येईल, त्याला राज्याच्या निवासी विज्ञानशाळेत थेट जागा मिळते. गटाला ढाल मिळते, जागा नाही.

आणि मग कलम नऊ. दोन प्रकल्पांची मूळ कल्पना एकच निघाली, तर ज्याची वही आधीची त्याचा प्रकल्प धरायचा, दुसरा नक्कल म्हणून बाद. दोन्ही वह्या एकाच वेळच्या असल्या तर दोन्ही बाद, नाहीतर एकानं लेखी कबूल करायचं की नक्कल माझी. हे कलम मी एका बैठकीत लिहिलं होतं, आणि लिहिताना माझा हात जरासुद्धा थबकला नव्हता.

त्याचं कारण होतं. एकोणीसशे नव्याण्णव साली, आठवीत असताना, मी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात सायकलवर चालणारा उफणणीचा पंखा नेला होता. पायडल मारायचं, पाती फिरायची, धान्यातला भुसा उडून जायचा. शेजारच्याच टेबलावर माझा जिवलग मित्र भगवंत कोहळे अगदी तसाच पंखा घेऊन उभा. मी सगळ्यांसमोर म्हटलं, यानं माझं चोरलं. मी वर्गात पहिला येणारा, तो शेवटच्या बाकावरचा. गुरुजींनी माझं ऐकलं. मला पहिलं बक्षीस मिळालं आणि भगवंता आपला पंखा डोक्यावर घेऊन पायी घरी गेला. तो दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होता, पण आम्ही पुन्हा बोललो नाही. मी त्याला चोर समजत राहिलो, आणि चोरांसाठी कलम लिहिलं.

यंदाच्या जानेवारीत, म्हणजे दोन हजार चव्वेचाळीसच्या, छाननीच्या टेबलावर हवा विभागात दोन अर्ज आले. दोन्ही पिंपळदरीच्या मुलींच्या वसतिगृहातून, दोन्ही आठवीतल्या मुलींचे, दोन्ही एकट्याच्या रकान्यात. एक जुई मडावी, दुसरी अन्विता ढोके.

प्रकल्प असा. आमच्याकडे आटलेले बोअर पावलोपावली आहेत, दोन पिढ्यांनी नुसत्या जमिनीत भोकं पाडून ठेवलीत. कोरडा बोअर मेलेला वाटतो, पण तो श्वास घेतो. खाली दगडाच्या भेगांत आणि पोकळ मातीत खूप हवा अडकलेली असते. वर हवेचा दाब वाढला की बोअर हवा आत ओढतो, दाब उतरला की बाहेर सोडतो. वादळ येण्याआधी दाब झपाट्यानं उतरतो, म्हणून तेव्हा बोअरच्या तोंडातून बराच वेळ वारा येत राहतो. या मुलींनी बोअरच्या तोंडावर घट्ट टोपण बसवलं होतं, टोपणाला एक भोक, आणि भोकावर बाजाच्या पेटीतली पितळी रीड. हवा बाहेर आली की रीड वाजते. बोअर गायला लागला की समजायचं, गारपीट येतेय, उघड्यावरचं आवरा.

कल्पना इतकी सुंदर होती की मी चष्मा काढून पुसला. मग दुसरा अर्ज वाचला आणि पुन्हा पुसला. टोपण तेच, भोक तेच, आणि रीडही पेटीचीच. बोअर श्वास घेतो हे दोघींना एकाच पुस्तकात सापडलं असेल, पण पेटीची रीड कुठल्या पुस्तकात असते? मी वह्या उघडल्या. जुईच्या वहीचं पहिलं पान, चौदा ऑक्टोबर, दुपारी दोन पस्तीस. अन्विताचं पहिलं पान, चौदा ऑक्टोबर, दुपारी दोन पस्तीस.

दोघींना वेगवेगळं बोलावलं. अन्विता आधी आली, ताठ मानेनं.

“सर, मी चोरलं नाही. मला झोपेत दिसलं.”

“झोपेत?”

“आमच्याकडे दुपारी झोपेचा तास असतो. त्यात दिसलं. एक बोअर होता आणि तो एकच सूर धरून होता. उठले आणि लगेच चित्र काढलं. मग वसतिगृहाच्या पेटीतली रीड काढायला गेले, तर मधल्या सप्तकातला म आधीच कुणी काढलेला. मी खालचा घेतला. तेव्हाच मला जुईचा संशय आला.”

“तिला विचारलंस?”

“तीन महिने बोलत नाही मी तिच्याशी.” एवढं बोलताना तिचा ताठपणा जरा ढळला. “आधी आम्ही एका ताटात जेवायचो.”

जुई हळू बोलणारी. पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत उभी राहिली. तिलाही झोपेतच दिसलं होतं. तिनं कुणाचं पाहिलं नव्हतं आणि कुणाला दाखवलंही नव्हतं. मी कलम नऊ समजावून सांगितलं. दोघींनी आपलंच म्हणून धरलं तर दोघी जातील. एकीनं नक्कल कबूल केली तर दुसरी राहील. तिनं मान वर केली.

“मला ती जागा पाहिजे, सर,” ती म्हणाली. “आमच्या वसतिगृहात नववी नाही. मे महिन्यात मला घरी जावं लागेल, आणि मी एकदा घरी गेले तर पुन्हा शाळेत कोणी पाठवणार नाही.”

एरवी मी कलम दाखवून हात झटकले असते. पण दोन पोरी, एक दुपार, आणि तीन महिने एकमेकींशी अबोला. छाननी संपायला चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी मी पिंपळदरीची बस पकडली.

तिथे पोचलो तेव्हा जेवणं आटोपली होती. गृहपाल खडतकर म्हणून, वागायला मोकळा माणूस, त्यानं मला ताट वाढायला लावलं आणि झोपेच्या तासाचं शास्त्र सांगितलं. ते तसं जुनंच आहे. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पुन्हा घोकतो, म्हणून झोपल्यावर धडा पक्का होतो. शिकताना एखादा वास दरवळत असला आणि गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला, तर मेंदू नेमकं त्या वेळचंच घोकायला घेतो. आवाजानं झोप मोडते, वासानं मोडत नाही. म्हणून आता कपाळावर बांधायच्या उजळणी-पट्ट्या निघाल्या आहेत. झोपेच्या लाटा संथ झाल्या की पट्ट्या भिंतीवरच्या पंख्याला खूण करतात आणि पंखा वास सोडतो.

“वास कुठला?” मी विचारलं.

“कंपनीची अत्तराची बाटली महिन्यात संपली, सर. मग आम्ही वाळा लावला. कूलरच्या ताट्यांसाठी असतोच की आपल्याकडे. सकाळी अभ्यासाच्या तासाला ओली ताटी लावतो, दुपारी झोपेत तिच्यावरूनच पंखा. मुलींना भूमिती बरी यायला लागली आहे.”

झोपेचा तास बघायला त्यानं मला सभागृहात नेलं. बाहेर ऊन होतं. आता जानेवारीतही दुपारी पंखे लागतात. आत पडदे ओढलेले, सतरंज्यांवर दोन ओळींत मुली पहुडलेल्या, प्रत्येकीच्या कपाळावर बोटभर रुंदीची पट्टी आणि पट्टीवर मिणमिणता निळा ठिपका. सुरुवातीला ठिपके आपापल्या चालीनं लुकलुकत होते. मग एकेक करून ते संथ झाले, आणि कधीतरी सगळे एकदम मिटायला आणि एकदम उघडायला लागले. खडतकर केव्हा बाहेर गेला मला कळलं नाही. मी भिंतीशी खुर्चीवर बसलो होतो. पंखा फिरला, आणि ओल्या वाळ्याचा वास माझ्यापर्यंत आला.

डोळा लागला असावा. कारण मी सत्तारभाईच्या सायकल-दुकानात होतो.

उन्हाळ्यात त्याच्या दाराला वाळ्याची ताटी असायची. शाळा सुटली की आम्ही त्या गारव्यात जाऊन बसायचो, मी उलट्या टोपलीवर आणि भगवंता जुन्या टायरवर. सत्तारभाई पंक्चर काढताना अखंड बोलायचा आणि आम्ही कधीच लक्ष देऊन ऐकायचो नाही. आम्ही चिंचा खायचो. त्यानं सायकल उलटी केली, मागच्या चाकाला हात मारला, आणि म्हणाला, “चाकाला चार पाती ठोकली ना बेटा, तर भुसा उडेल. गहू खाली, भुसा बाहेर.” मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भगवंतानंही पाहिलं नाही. भगवंता चिंचोका दूर थुंकण्याची शर्यत लावत होता. पण वाक्य दोघांच्या कानात गेलं, आणि ताटीचा गार वास दोघांच्या नाकात.

घंटा झाली. मुली आळोखेपिळोखे देत उठल्या. माझ्या गालावर पाणी होतं, ते मी रुमालानं टिपलं. पंचेचाळीस वर्षं मी छातीठोकपणे सांगत आलो होतो की ती कल्पना मला सुचली. खोटं बोलत नव्हतो, मला तसंच वाटत होतं. आणि भगवंतालाही तसंच वाटलं असणार.

घसा कोरडा पडला होता. मी स्वयंपाकघरात गेलो. तिथे पर्वतामावशी होती, पर्वता नेवारे, साठीला आलेली, चौदा वर्षांपासून या पोरींना जेवू घालणारी. कपाळावर पट्टीचा वळ उठलेला. तिनं माठातलं पाणी दिलं. पेला तोंडाशी नेला आणि मी तसाच थांबलो.

“मावशी, पाण्यात वाळा आहे?”

“हाव जी. ताटीचा वाळा उरते ना, तो फेकवत नाही मले. जुडी बांधून माठात टाकतो. पोरीइले आवडते.”

मी पेल्याकडे बघत राहिलो. म्हणजे वाळ्याचा वास नुसता अभ्यासाच्या तासाचा राहिला नव्हता. तो या स्वयंपाकघराचाही झाला होता. दुपारी पंखा वाळ्यावरून वारा सोडणार, आणि मेंदू बिचारा, त्याला कसं कळणार की भूमिती घोकायची की माठाजवळची संध्याकाळ?

“ऑक्टोबरात जुई आणि अन्विता तुमच्या हाताखाली होत्या का?”

“होत्या ना. दोघीइची पाळी संगंच राहे. लसूण सोलत बसत.”

“मग तुम्ही त्यांना काय सांगत होता?”

ती हसली. “मी का सांगीन जी? मी बोलत राहतो आपली. तोंड बंद राहिलं तं हात चालत नाही माये. पोरी थोडीच ऐकतेत.”

“बोअरचं काही सांगितलं होतं?”

“आमच्या गावच्या बोरचं? सांगतलं असन. मी सगळ्याइलेच सांगतो.” तिनं हात पदराला पुसले. “आता ते गाव नाही जी. कोयशाच्या खाणीत गेलं. पण मारुतीच्या देवळामागं कोरडा बोर होता. माया बाप भजनात पेटी वाजवे. पेटी फुटली, तं त्यानं तिच्यातली सुराची एक पट्टी काढून बोरच्या तोंडावरच्या डब्यावर बसवली. रोज चार वाजता बोर जरासा गुणगुणे आन् चुप होये. पन गारा याच्या असल्या का नाही, तं तो चुपच नाही होये. मंग बाप म्हने, चला, कापूस आत घ्या. मी लहान होती, कान लावून बसू त्याच्यापाशी.”

ती डोळे मिटून क्षणभर तशीच उभी राहिली. “आता दुपारी झोपतो ना, तं मलेबी दिसते तो,” ती म्हणाली. “म्हून कपाळाले पट्टी लावाले मी नाही म्हनत नाही.”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. “पट्टी तुम्हाला कशी?”

“गुरवाची पोरगी घरी गेली. तीस पट्ट्याइची मशीन, एकुणतीसवर चालूच नाही होत. सायेब म्हने, मावशी, तीसावं डोस्कं पाहिजे, तू झोप.”

खडतकरला बोलावलं. तो कान खाजवत म्हणाला, “यंत्र हजेरीपट मागतं, सर. नाव, इयत्ता सगळं भरल्याशिवाय पुढेच सरकत नाही. मी टाकलं नाव. पर्वता नेवारे, अनुक्रमांक तीस. इयत्तेचं कोडं होतं. त्या चौथीतून सुटल्या होत्या, म्हणून पाचवी टाकली. चुकलंच माझं.”

मी त्याला रागवायला तोंड उघडलं होतं, पण राग आलाच नाही.

दोन्ही पोरींना स्वयंपाकघरात बोलावलं. दोघी दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, मध्ये मी. सगळं सांगितलं. वाळ्याचं, माठाचं, मावशीच्या बापाचं. तुमच्यातली कोणीच चोर नाही, हे दोनदा सांगितलं. अन्विता आधी लालबुंद झाली, मग तिची नजर जुईकडे गेली आणि तिनं झटकन ती फिरवली.

मग मला पुढचं सांगावं लागलं, आणि ते सांगताना माझा आवाज मलाच आवडला नाही. कल्पना मावशीची आहे असं लिहिलं, तर एकट्याच्या रकान्यात दोघींनाही जागा नाही. तिघींचा गट करता येईल, कारण नियमावलीत मीच लिहून ठेवलंय, विद्यार्थी म्हणजे शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या हजेरीपटावर नाव असलेली व्यक्ती. वय लिहायचं मी विसरलो होतो. गट झाला की निवासी शाळेची जागा मात्र गेली. आणि नाही लिहिलं, तर कलम नऊप्रमाणे एकीनं माघार घ्यायची आणि दुसरीनं एकटीनं जायचं.

“इथं मी आज पाणी प्यायला आलो होतो, चौकशीला नाही,” मी म्हटलं. बारा वर्षांत मी असं वाक्य उच्चारलं नव्हतं. “पुढचं तुम्ही ठरवा.”

मावशीच घाबरली. “मले नका घालू बाप्पा त्याच्यात. मी का शाळंत जातो? पोरीइचं भलं व्हाले पाहिजे.”

अन्विता मान खाली घालून म्हणाली, “सर, मी माघार घेते. नक्कल माझी असं लिहून देते. आमच्या गावात नववी आहे. हिच्या नाही.”

जुई माठाजवळ गेली. पेला भरला, एक घोट घेतला, आणि तिचा चेहरा बदलला. झोपेतून उठताना मुलींचे चेहरे होतात तसा तो दिसत होता.

“मला आठवलं,” ती म्हणाली. “खरंच आठवलं. लसणानं माझ्या नखाखाली आग होत होती आणि मावशी म्हणत होती, चला, कापूस आत घ्या. अन्विता माझ्या उजवीकडे बसली होती. तिनं मला टरफलं फेकून मारली.”

“डावीकडे,” अन्विता पुटपुटली.

“उजवीकडे. डावीकडे चूल होती.” जुईनं माझ्यापुढे हात केला. “सर, गटाचा अर्ज द्या.”

“नीट विचार कर. जागा जाईल.”

“मला पाहिजेच आहे ती जागा,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. “पण आता आठवलंय तर लिहावं लागेल ना?”

मी अर्ज दिला. तिनं पहिल्या ओळीवर मावशीचं नाव लिहिलं, दुसरीवर अन्विताचं, तिसरीवर आपलं. मावशीला सही करायला सांगितलं तर ती ओट्याशी पाठ करून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलत होते. शेवटी अन्वितानं तिचा हात धरून आणला. सही चांगली ठसठशीत झाली, चौथीतल्या मुलीची असते तशी.

मी माझा लाल पेन काढला आणि नियमावलीच्या माझ्या प्रतीत कलम नऊवर आडवी रेघ ओढली. समितीपुढे काय सांगायचं ते सांगेन. समितीला निवासी शाळेच्या जागेबद्दलही लिहीन, गटाला का नाही म्हणून. होईल की नाही, मी वचन दिलं नाही. जुईनं मागितलंही नाही.

चार वाजता त्या मला मागच्या बोअरवर घेऊन गेल्या. टोपण अन्विताचं होतं, कारण ते जास्त घट्ट बसायचं, आणि वही जुईची होती, कारण तिनं नव्वद दिवसांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. एकीकडे नसलेलं दुसरीकडे होतं. आम्ही चौघं टोपणाभोवती उकिडवे बसलो. ऊन पिवळं झालं होतं आणि पलीकडच्या तुरीच्या काडांचा वास येत होता. मग जमिनीतून सूर आला. फार बारीक, इतका मऊ की आधी वाटलं लांबवर कुणीतरी मनातल्या मनात गुणगुणतंय. दगडांच्या पोटात कधीची साठलेली हवा, पेटीच्या मध्यमातून वर येत होती. मावशी डोळे मिटून डोलत होती. आम्ही किती वेळ बसलो कुणास ठाऊक.

“रोज किती वेळ वाजतो?” मी विचारलं.

“वीस मिनिटं. कधी पंचवीस.” जुईनं घड्याळ पाहिलं आणि ती सरळ बसली. “सर, आज चाळीस झाली.”

सूर थांबत नव्हता. उलट भरत चालला होता. आभाळ निळं, ढगाचा पत्ता नाही. मावशी उठली. “पोरीहो, वाळवण आत घ्या,” ती म्हणाली, आणि दोघी एकदम पळाल्या, पळता पळता काहीतरी भांडत.

मी बोअरपाशी एकटा उरलो. पिंपळदरीपासून बारा कोसांवर माझं गाव. भगवंता तिथेच शेती करतो. दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर त्याचा नंबर कित्येक वर्षं आहे, मी तो कधी दाबला नव्हता. जानेवारीत त्याची तूर खळ्यावर उघडी असणार, हे मला न सांगता ठाऊक होतं. मी नंबर लावला.

“भगवंता, मी धन्या बोलून राहिलो. धनराज वैरागडे.”

“बोल,” पलीकडून आवाज आला.

“तुझी तूर झाक,” मी म्हटलं. “गारा येणार आहेत.”

“आभाळ तं साफ आहे.”

“तरी झाक. माझं ऐक.” मग मला राहवलं नाही. “भगवंता, तो पंखा सत्तारभाईनं सांगितला होता रे. आपल्या दोघांनाही. तू चोरला नव्हतास. मी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं. फार चुकलं.”

तो खाकरला. मागे कुठेतरी घरघर ऐकू येत होती, थांबत-थांबत, कोणी पाय मारल्यासारखी.

“थांब, पोराले सांगतो ताडपत्री आणाले,” तो म्हणाला. “अर्धी तूर उफणाची राहिली अजून. पंखा चालूच आहे.”

“कोणता पंखा?”

“कोणता म्हंजे,” भगवंता म्हणाला. “तोच. आपला.”